स्वयंसेवेलाही खर्च असतो

अमेरिकेच्या पूर्वेकडील जॉर्जियापासून उत्तरेच्या मेनपर्यंत १४ राज्ये ओलांडणारी ॲपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची पायवाट आहे. बेन्टन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती अखंड झाली. तिची निगा आजही मुख्यत्वे स्वयंसेवक राखतात. सुमारे तीस स्थानिक मंडळांनी ही वाट आपसांत वाटून घेतली आहे. त्यामुळे 'लोकांनी मनावर घेतले तर सरकार कशाला हवे?' या युक्तिवादासाठी तिचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०२५ मधील घडामोडींनी मात्र या युक्तिवादाची दुसरी बाजू उघड केली.

पायवाट एकदा पाडली की कायमची झाली, असे होत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सांगायला नको. उतारावरचे पाणी वाटेतूनच वाहू लागले की दोन-चार पावसाळ्यांत तिचा ओढा होतो. ते बाजूला काढण्यासाठी आडवे दगड किंवा ओंडके पुरावे लागतात, पायऱ्या रचाव्या लागतात, उन्मळून पडलेली झाडे कापावी लागतात. कायद्याने 'वाइल्डरनेस' ठरविलेल्या क्षेत्रात तर यांत्रिक करवतीला सर्वसाधारणपणे मनाई असते. तेथे दोघांनी मिळून ओढायच्या हातकरवतीवरच भिस्त. हे काम शिकावे लागते आणि शिकविणारा अनुभवी माणूस जागेवर असावा लागतो.

म्हणूनच १९८३ पासून व्हर्जिनियात चालणाऱ्या 'कॉनरॉक' पथकासारख्या उपक्रमांत स्वयंसेवकांना अवजारे, प्रशिक्षण, जेवण व निवास पुरविला जातो. पथक वन सेवेच्या सहकार्याने चालते. श्रम विनामूल्य असले तरी ते घडवून आणणारी व्यवस्था विनामूल्य नसते.

इतिहासही हेच सांगतो. महामंदीच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' स्थापन केले. बेकार तरुणांना महिना ३० डॉलर मिळत आणि त्यातले बहुतांश घरी पाठविले जात. ॲपलाचियन ट्रेलचा मेनमधील अखेरचा तुकडा याच तरुणांनी पूर्ण केला. स्वयंसेवकांची म्हणून गौरविली जाणारी ही वाट शेवटी जोडली ती सरकारी वेतनावरच्या हातांनी.

सप्टेंबर २०२४ मधील 'हेलेन' चक्रीवादळाने या वाटेच्या दक्षिण भागात अपरिमित हानी केली. शेकडो किलोमीटरवर झाडे कोसळली, काही ठिकाणी पूलही वाहून गेले. दुरुस्ती ऐन भरात यायला हवी असतानाच, फेब्रुवारी २०२५ मध्ये वन सेवेतील सुमारे ३,४०० आणि राष्ट्रीय उद्यान सेवेतील सुमारे एक हजार परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. पुढे न्यायालयीन आदेशांमुळे अनेकांना परत घ्यावे लागले. एप्रिलमध्ये 'अमेरिकॉर्प्स' या सेवा कार्यक्रमाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने रद्द झाली आणि त्याच्या १८ ते २६ वयोगटातील निवासी पथकांना मुदतीआधीच घरी पाठविण्यात आले. या पैशातून शाळा व आपत्ती निवारणाप्रमाणेच पायवाटांवर काम करणाऱ्या अनेक युवक पथकांचाही खर्च भागत असे. जूनमध्ये न्यायालयाने अनुदाने पूर्ववत करण्याचा आदेश दिला, पण तो दावा दाखल केलेल्या राज्यांपुरताच होता.

खर्च कमी करणे हा सरकारचा अधिकार आहे आणि प्रत्येक अनुदान सत्कारणी लागते असेही नाही. परंतु येथे हिशेब उलटा पडण्याची शक्यता अधिक. एक मार्गदर्शक कमी केला की एक वेतन वाचते. त्याच्या देखरेखीखाली होणारे कित्येक स्वयंसेवकांचे कामही त्याबरोबर थांबते. शिवाय निवृत्तांकडे वेळ असतो, बळ मात्र ओसरलेले असते. तरुणांकडे बळ असते, पण पोटापाण्याची सोय नसेल तर महिनोन्महिने डोंगरात राहणे त्यांतील सधनांनाच परवडते.

लोकसहभाग हा शासनयंत्रणेला पर्याय नसून तिच्या आधारावर उभा राहणारा गुणाकार आहे. ज्या संख्येने गुणायचे तीच शून्य केली, तर उत्साह कितीही असला तरी उत्तर शून्यच येते.