दात मोजून घ्या

बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांच्या रंगाला भुलत नाही, जबडा उघडून दात बघतो. अमेरिकेतल्या दुकानात जुनं रिव्हॉल्वर घेणाऱ्यानेही तेच करावं. समजा, काचेखाली स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० आहे. १८९९ पासून चालत आलेलं घराणं, पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं मिरवलेलं. म्यानात घासून नळीचा रंग उडाला असेल, पण ते दुखणं नव्हे. खरं दुखणं आत असतं. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. मग दुकानदाराला विचारून घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा अडकेपर्यंत सिलिंडर ‘टक्’ करून जागी बसलाच पाहिजे. ही परीक्षा सहा वेळा, कारण पाच घरं शहाणी आणि सहावं चुकार असंही निघतं. घर नळीसमोर नेमकं आलं नाही, तर गोळी कडेला तासली जाते आणि शिशाचे कण शेजारच्याच्या गालावर उडतात. सिलिंडर पुढेमागे खुळखुळतो का, नळीच्या मागच्या तोंडाला चीर आहे का, स्क्रूच्या खाचा कुणा हौशी हाताने कुरतडल्यात का, हेही बघावं. ओढलेला घोडा चाप न दाबता, नुसत्या अंगठ्याच्या रेट्याने पडला, तर मात्र भाव विचारूच नये. नमस्कार करून बाहेर पडावं.