शब्द मुलाचा, सोय विद्यापीठाची

बालमजुरी म्हटली की गिरणी, खाण किंवा शेत एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. तेथे मूल राबताना दिसते. परंतु प्रगत भांडवलशाहीत मुलाला कामाला जुंपण्यापूर्वीच त्याच्या भावी श्रमशक्तीवर हक्क सांगून ठेवण्याची रीत निर्माण होते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल हे तिचे ठळक उदाहरण आहे, आणि ते केवळ खेळाच्या पानावर सोडून देण्याजोगे नाही.

गेल्या काही दशकांत तेथे अशी प्रथा रुजली की, आठवी-नववीतल्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने अमुक विद्यापीठाकडूनच खेळण्याचा तोंडी शब्द द्यावा. प्रवेशाला अजून चार-पाच वर्षे असतात. हा शब्द कायद्याने कोणालाच बांधत नाही, म्हणजे कागदावर दोन्ही पक्ष समान! व्यवहार मात्र वेगळा आहे. मुलाने शब्द दिला की इतर विद्यापीठे बहुधा त्याच्याकडे फिरकत नाहीत. विद्यापीठ मात्र एकाच जागेसाठी अनेकांचे शब्द गोळा करून ठेवू शकते. प्रशिक्षक बदलला, मुलगा अपेक्षेइतका वाढला नाही किंवा त्याचा खांदा दुखावला, की शब्द मागे घेतला जातो. दाद कोठे मागायची?

आणि हे सारे कशासाठी? २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतील विद्यापीठाला बेसबॉलसाठी जास्तीत जास्त ११.७ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येई आणि ती संघातील अनेक खेळाडूंत वाटली जाई. म्हणजे सरासरीने एकेकाच्या वाट्याला निम्मीही शिष्यवृत्ती येत नसे. अमेरिकी फुटबॉलला त्याच काळात ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. या तुकड्याच्या आशेने आईबाप खाजगी संघांची वर्गणी, दूरगावच्या स्पर्धा आणि निवडकर्त्यांपुढील प्रदर्शने यांवर हजारो डॉलर ओततात. मुलाच्या चेंडूचा वेग यंत्राने मोजून त्याचा क्रम लावला जातो. तो क्रम टिकावा म्हणून मुले बारा महिने चेंडू फेकतात. कोपराच्या फाटलेल्या अस्थिबंधावरील जी शस्त्रक्रिया १९७४ साली प्रथम टॉमी जॉन या मुरलेल्या व्यावसायिक गोलंदाजावर झाली, तिच्या २००७ ते २०११ मधील अमेरिकी रुग्णांत निम्म्याहून अधिक १५ ते १९ वर्षे वयाचे होते, असे एका पाहणीत आढळले.

ज्यांच्या घरी हा खर्च झेपत नाही, ते दारातूनच परततात. जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली वर्णभेदाची भिंत फोडली. १९८१ च्या सुमारास प्रमुख व्यावसायिक संघांत कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू सुमारे १८ टक्के होते. २०२४ साली ते ६ टक्क्यांच्या आसपास उरले. याची कारणे अनेक आहेत. परंतु मैदानाच्या दाराशी लावलेले हे महागडे तिकीट त्यांतील एक आहे.

‘आईबापांची संमती आहे, मुलाची हौस आहे, मग जबरदस्ती कोणती?’ असे विचारले जाते. गिरणीमालकही कराराच्या स्वातंत्र्याचा हाच मंत्र जपत असत. विषमांमधला करार बलवानाच्या सोयीने चालतो, हा कामगार चळवळीचा पहिला धडा आहे.

महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०२३ साली नियम केला, की अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत प्रशिक्षकांनी बेसबॉलपटूंशी भरतीची बोलणी करू नयेत. नियम स्वागतार्हच आहे. पण त्याने बोलण्याची तारीख बदलली, शब्दाचे वजन बदलले नाही. दोन वर्षांतच याचा प्रत्यय आला. खेळाडूंना मोबदला देऊ करणाऱ्या न्यायालयीन तडजोडीत बेसबॉल संघाची मर्यादा ३४ ठरली. संघात जागा देण्याचे आश्वासन मिळालेले अनेक खेळाडू त्यामुळे उघड्यावर पडण्याची वेळ आली. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी याच मुद्द्यावर मंजुरी रोखली, तेव्हा अशा खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवण्याची तरतूद झाली. जून २०२५ मध्ये तडजोड मंजूर झाली. परंतु त्यांना परत घ्यावे की नाही, हे विद्यापीठाच्याच मर्जीवर राहिले!

मर्जीला लगाम कशाने बसतो, हे याच खेळाचा इतिहास सांगतो. व्यावसायिक खेळाडूही एके काळी मालकाला जन्माचे बांधलेले असत. १९६६ साली पोलाद कामगार संघटनेत काम केलेले मार्विन मिलर त्यांच्या संघटनेचे सूत्रधार झाले. कर्ट फ्लड १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला, पण संघटना हरली नाही; १९७५ च्या लवादाने ती बेडी तोडली. दुय्यम व्यावसायिक संघांतील अल्पवेतनी खेळाडू २०२२ साली संघटित झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पहिला सामुदायिक करार मिळवला. त्यांच्याखालच्या पायरीवर मात्र कोणीच नाही. तेथे ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही उपाधी आडवी येते. दुखापतीची भरपाई मागणाऱ्यांना कामगार ठरवले जाऊ नये म्हणून ती १९५० च्या दशकात घडवली गेली, हे त्या क्रीडा संघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

म्हणून केवळ वयाची अट पुरेशी नाही. दिलेले आश्वासन संस्थेवर बंधनकारक असले पाहिजे, दुखापतीचा भार तिने उचलला पाहिजे आणि खेळाडूंना संघटनेचा हक्क मिळाला पाहिजे. ज्याच्या श्रमावर संस्था उभी आहे त्याला ‘हौशी’, ‘विद्यार्थी’ किंवा ‘स्वयंसेवक’ असे गोड नाव कोठेही मिळाले, तर कार्यकर्त्यांनी प्रथम एवढेच विचारावे: या नावामुळे त्याचा कोणता हक्क बुडतो?