पट्टीवरचे अंतर आणि पायाखालचे अंतर

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा येथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि बुलढाणा जिल्ह्याच्या दोन्ही अंगांस, पश्चिमेस जळगाव व पूर्वेस बेलोरा, असे विमानतळ झाले. आपला जिल्हा आता विमानाच्या टप्प्यात आला, असे त्यावरून काही मंडळी सांगू लागली आहेत. या टप्प्याचे माप एकदा घेतलेच पाहिजे.

शाळेत शिकवीत असता आम्ही मुलांना नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढावयास सांगत असू. तशी पट्टी ठेविली तर जळगाव ते बेलोरा हे सरळ अंतर सुमारे २१८ किलोमीटर भरते. एटीआर जातीचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. म्हणजे त्रैराशिकाने २६ मिनिटे. परंतु विमानाला हे त्रैराशिक मान्य नाही. चढणे, उतरणे आणि धावपट्टीवरील चाल धरता पाऊण तास सहज मोडतो. अंतर जितके थोडे, तितका वेगाचा लाभ कमी. या दोन गावांदरम्यान विमान सुरू करावे असे कोणास वाटले नाही, यात म्हणूनच नवल नाही. जी विमाने सुरू झाली ती मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद अशा दूरच्या शहरांकडे.

मग खामगावच्या रुग्णाला मुंबईस न्यावयाचे झाल्यास काय होते? जळगावचा विमानतळ सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. रस्त्याचे अडीच तास, विमानतळावरील एक तास, आकाशातील सव्वा तास, शिवाय मुंबईतील वर्दळ. सवा तासाच्या उड्डाणासाठी सहा तास! आणि विमान त्या दिवशी असेल तर. शेगावहून रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी मुंबईस उतरतो, आणि ती गाडी रोज असते. जळगावची सेवा २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली आणि २०२४ मध्ये नव्याने उभी राहिली. 'उडान' योजनेतील तुटीची भरपाई तीन वर्षांची. पुढे प्रवासी न मिळाल्यास काय, हा प्रश्न उरतोच.

खामगावकरांस खरा जवळचा विमानतळ अकोल्याचा, अवघ्या पन्नास किलोमीटरांवर. तो १९४३ पासून आहे. पण त्याची धावपट्टी आखूड, आणि ती वाढविण्याचे काम वर्षानुवर्षे जमिनीच्या प्रश्नात रुतलेले. बुलढाण्यास स्वतंत्र विमानतळ मागणाऱ्यांनी आपला जोर आधी तेथे लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावी आगगाडीच येत नाही, जेथे खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी पिढ्यानपिढ्या चालली आहे आणि १८७० साली आलेला जलंब-खामगाव हा तेरा किलोमीटरांचा फाटा खामगावापुढे सरकलेला नाही, तेथे विमानतळाची मागणी आम्हांस अंमळ घाईची वाटते.

तोवर एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे. खामगाव, नांदुरा, मलकापूर या मार्गाने विमानाच्या वेळेस जुळणारी एस. टी.ची गाडी जळगावास सोडावी. तिला धावपट्टी लागत नाही, भूसंपादनही लागत नाही. सिंदखेडराजाच्या प्रवाशाला मात्र या साऱ्याचा उपयोग नाही. त्याला चिकलठाणाच जवळ. त्याच्यासाठी गाडी जालन्यावरून सुटली पाहिजे.