सेडसचा बास

थ्रॅश मेटलचा विषय निघाला की गाडी मेटॅलिका-स्लेयरवरच थांबते. कॅलिफोर्नियातल्याच सेडस या बँडचा १९९० चा अल्बम ‘स्वॉलोड इन ब्लॅक’ मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतो, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. थ्रॅशचा वेग आणि डेथ मेटलचा हिंस्रपणा इथे एकजीव झाला आहे. डॅरेन ट्रॅव्हिसचा कर्कश गळा पहिल्या ऐकण्यात अंगावर येतो. पण कान द्यावा तो स्टीव्ह डीजॉर्जिओच्या बासकडे. पिक नाही, नुसती बोटं! मेटॅलिकाच्या १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास जवळपास ऐकूच येत नाही; इथे तो गिटारींशी झुंजतो. याच वादकाने पुढे, १९९१ मध्ये, ‘डेथ’ या बँडच्या ‘ह्यूमन’वर बास वाजवला. त्या अल्बमचं कौतुक करणाऱ्यांनी आधी हा ऐकावा. हेडफोन लावून.