पोथीचे पान आणि पाठाची शुद्धता

चातुर्मास लागला की घरोघरी कपाटातील पोथ्या चौरंगावर येतात. ग्रंथात काय सांगितले आहे, यावर आम्ही कीर्तनकार नित्य बोलतो. परंतु तो ग्रंथ कागदावर कसा मांडला आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते जाणे अगत्याचे आहे.

गतवर्षी एका यजमानांकडे पारायणास बसलो होतो. त्यांचा नातू नव्या, चकचकीत पोथीतून वाचीत होता. ओळीच्या अखेरीस 'अ' एकटाच राहिला होता आणि 'मृत' खालच्या ओळीस गेले होते. मुलाने 'अ' गिळला व 'मृत' तेवढे खणखणीत उच्चारले. ऐकणाऱ्या आजी दचकल्या. दोष मुलाचा नव्हता, जुळणी करणाराचा होता. अभयातील 'अ' गळाला की भयच उरते!

कोणी म्हणेल, जुन्या हस्तलिखितांत तरी शब्द कोठे सुटे असत? खरे आहे. तेथे अक्षरे सलग लिहीत आणि ओळ संपेल तेथे शब्द तुटे. परंतु तेव्हाच्या वाचकास बहुधा पाठ मुखोद्गत असे; पोथी ही स्मरणाला आधार होती. आजचा वाचक सर्वस्वी पानावर विसंबतो. म्हणूनच छापणाराची जबाबदारी शतपट वाढली आहे.

पूर्वसूरींनी पानाचा विचार केला नव्हता असे मात्र नाही. पोथीचा आडवा, लांबट आकार ताडपत्रापासून आला आणि कागदावरही टिकला; कारण सुटे पान चौरंगावर सपाट राहते आणि हात मोकळे राहतात. पान वर उचलून उलटले की मागील मजकूर सुलटा समोर येतो. मजकूर काजळाच्या काळ्या शाईने लिहीत. हिंगुळाचा तांबडा रंग दंड, 'उवाच' आणि अध्यायसमाप्ती यांसाठी राखून ठेवीत. चुकलेले अक्षर हरताळाने झाकीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. समासात पत्रांक असे. रंग होता तो वाचकाला वाट दाखविण्यासाठी, शोभेसाठी नव्हे.

मुद्रण आले तेव्हा शाईत चरबी असल्याच्या शंकेने सोवळी मंडळी छापील कागदास शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून ती शंका फेडली. १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर पंचांग काढले. पुढे निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू यांच्याकडून देवनागरीचे सुबक खिळे घडवून घेतले. त्या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ पाठशुद्धीसाठी देशभर नावाजले गेले.

आज संगणकामुळे जुळणी सुलभ झाली, हे उत्तमच. तथापि अक्षरांखाली देवतेचे रंगीत चित्र, त्यावर पिवळी अक्षरे, पाने वाचविण्यासाठी बारीक टाइप, आणि 'ब्रह्म'सारखी जोडाक्षरे हलन्त देऊन फोडलेली, असे प्रकार वाढत आहेत. देवाचे चित्र अवश्य असावे, पण मुखपृष्ठावर. शब्दाच्या छातीवर नव्हे.

प्रकाशकांस विनंती इतकीच: टाइप ठसठशीत ठेवा, ओवी शक्यतो एका पानावर पुरी करा, शब्द तोडणे अटळ असेल तर जोडरेघ द्या, आणि तांबडा रंग खुणेपुरता वापरा. चार पाने वाढतील, किंमत थोडी चढेल. भाविक ती आनंदाने देतील.

आणि गृहस्थहो, पोथी घेताना मुखपृष्ठावर भुलू नका. ती उघडून चौरंगावर ठेवा. घरातील सर्वांत वडील व्यक्तीस ती तेथून दिसते का, आणि सर्वांत लहान मुलास न अडखळता वाचता येते का, हे पाहा. दोघांचे उत्तर 'होय' आले, तरच ती पोथी देवघरात न्यावी.