शिकणाऱ्या आईची सावली कोण?

मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपायाचे काम करीत असता नारायण सुर्वे यांनी व्हर्नाक्युलर फायनलची, म्हणजे सातवीची परीक्षा दिली. त्या वेळी ते संसारी गृहस्थ होते, मुलांचे बाप होते. पुढे ते महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. 1962 मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह आला आणि 1995 च्या परभणी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या उशिरा परीक्षेला बसलेल्या कवीकडे चालून आले. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी आपल्या आत्मकथनाला ‘मास्तरांची सावली’ असे नाव दिले. संसारात पडल्यावर शिकू पाहणाऱ्याला काय लागते, याचे उत्तर त्या शीर्षकातच आहे. बापाला सावली मिळाली; तीच वाट आईने धरावयाची म्हटले, तर तिची सावली कोण होणार?

कोल्हापुरात हा प्रश्न काल्पनिक नाही. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण व्हाव्यात आणि लग्नानंतर कुंचला माळ्यावर जावा, ही अनेक घरांतील कथा आहे. बाबूराव पेंटर आणि आबालाल रहिमान यांच्या गावात तिचे नवल वाटू नये. मुले मोठी झाली की कलामहाविद्यालयाचा विचार पुन्हा डोके वर काढतो. ‘आता या वयात?’ हा घरातला पहिला प्रश्न, आणि ‘त्यातून मिळणार काय?’ हा दुसरा.

दुसरा प्रश्न अगदीच अडाणी नाही. शिक्षणाचा खरा खर्च फीमध्ये नसून शिकण्याच्या काळात बुडणाऱ्या मिळकतीत असतो, हे अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960 च्या सुमारासच दाखविले होते. गृहिणीच्या बाबतीत मात्र बुडणारी मिळकत कोणत्याच वहीत दिसत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष 97. तिला हवी आहे ती ही पाच तासांची सुटका. शिवाय कलेचे उत्पन्न अनिश्चित आणि उशिरा येणारे. त्याच्या भरवशावर कोणती बँक कर्ज देणार?

1989 मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घरबसल्या पदवीची सोय झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षण मध्येच सोडून पुन्हा परतण्यास मान्यता दिली. परंतु इतिहास पुस्तकावरून शिकता येतो, मातीकाम तसे शिकता येत नाही. त्याला कार्यशाळा लागते, चूक तिथल्या तिथे दाखविणारा गुरू लागतो. दार उघडले खरे, पण ते ज्या वेळी उघडते त्या वेळी आई स्वयंपाकघरात असते.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर याच नगरीने एकदा दिलेले आहे. बहुजनांची मुले फी परवडत नाही एवढ्यामुळेच नव्हे, तर राहण्याजेवण्याची सोय नाही म्हणून शिकत नाहीत, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा कायदा 1917 चा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या सोळा वर्षे आधीचे, 1901 चे, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह 1908 चे. तेव्हा अडचण छपराची होती, आज ती वेळेची आहे. कलेला आश्रय देणे हेही या संस्थानाला परके नव्हते. अल्लादियाखाँसाहेब येथील दरबारी गायक होतेच.

तरुणांनाच जागा अपुऱ्या असताना प्रौढांचे लाड कशाला, असा आक्षेप येईल. तो वजनदार आहे. एखाद्या मुलाची जागा आईला देणे कोणीही मान्य करणार नाही. पण संध्याकाळच्या वर्गाने कोणाची जागा जाते? वर्ग सुटल्यावर रिकाम्या पडणाऱ्या कार्यशाळा सायंकाळी साडेपाच ते आठ चालवाव्यात, पदविका तीनऐवजी पाच वर्षांत पुरी करू द्यावी, आणि शेजारच्या खोलीत मुलांसाठी पाळणाघर असावे. शिक्षकांचे मानधन आणि एका मदतनीस बाईचा पगार, यापलीकडे मोठा खर्च नाही. शिवाजी विद्यापीठ, महानगरपालिका आणि कलासंस्था यांनी प्रथम एकाच वर्गापुरता, वीस जागांचा प्रयोग करून पाहावा. पाळणाघराची तरतूद मात्र पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. ती ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवली, तर त्या वीस जागा बापांनीच भरतील.