फोन कुणाचा, कुलूप कुणाचं?

सरकारी फोनवर टिकटॉक नको, इन्स्टाग्राम नको, अमुक अ‍ॅप नको... अशा बातम्या गेली काही वर्षं अधूनमधून येतच असतात. आणि दर वेळी प्रतिक्रिया दोनच. एक, "बरं झालं, कामाच्या वेळात रील्स बघत बसतात लेकाचे!" दुसरी, "आता सरकार फोनमध्येसुद्धा डोकावणार का?" मला या दोन्ही प्रतिक्रियांत मूळ मुद्दा निसटल्यासारखा वाटतो. सरकारी माणसाच्या हातात दुसऱ्या कुणाची तरी माहिती सोपवलेली असते. ती सांभाळायची कुणी आणि कशी, एवढाच खरा प्रश्न आहे. त्यावर जरा सविस्तर लिहावं म्हणून हा प्रपंच.

आधी काय काय झालं ते थोडक्यात. अमेरिकेच्या नौदलानं आणि लष्करानं डिसेंबर २०१९ मध्येच सरकारी फोनवरून टिकटॉक काढायला लावलं होतं. मग २९ डिसेंबर २०२२ ला बायडेन यांनी एका भल्यामोठ्या खर्चाच्या विधेयकावर सही केली, त्यात 'सरकारी उपकरणांवर टिकटॉक नको' हा कायदाही होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या खात्यांना ३० दिवसांची मुदत मिळाली. त्याच महिन्यात युरोपियन कमिशननं आपल्या कर्मचाऱ्यांना १५ मार्चची तारीख दिली. पाठोपाठ कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया. जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान जणू रांगच लागली होती.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कामासाठी दिलेल्या फोनवर काय असावं हे ठरवायचा अधिकार देणाऱ्याला आहेच. सरकारी जीप मिळाली म्हणून ती घेऊन मेव्हण्याच्या लग्नाला जायचं नसतं (जातात ही गोष्ट वेगळी!). फोनचंही तसंच. तुमचं वैयक्तिक आयुष्य तुमच्या वैयक्तिक फोनवर जगा की, कोण अडवतंय?

"पण एका नाचगाण्याच्या अ‍ॅपनं देशाची सुरक्षा कशी धोक्यात येईल?" असं विचारणारे भेटतात. तर बघा, धोका नाचगाण्यात नसतोच. अ‍ॅप घेताना आपण खटाखट 'अलाउ' दाबत जातो, त्यात असतो. एखाद्या सचिवाच्या फोनमधली नुसती नावांची यादी घेतली तरी कोण कुणाच्या संपर्कात आहे याचा नकाशाच तयार होतो. फोन रोज सकाळी कुठे असतो, रात्री कुठे असतो, गेल्या मंगळवारी अचानक कुठल्या गावाला गेला होता... एकही गुप्त कागद न वाचता केवढं कळतं! २०२० मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीनं 'हे अ‍ॅप तुमचा क्लिपबोर्ड वाचतंय' असं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा टिकटॉक त्यात सापडलं होतं. आणि डिसेंबर २०२२ मध्ये तर टिकटॉकच्या मालक कंपनीनं, म्हणजे बाइटडान्सनं, स्वतःच कबूल केलं की तिच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांची माहिती उघडून पाहिली होती. कंपनीतली बातमी कोण फोडतंय ते शोधायचं होतं, म्हणून ते पत्रकार आपल्या माणसांच्या आसपास होते का, हे तपासत होते. जे एका कंपनीनं आपल्या सोयीसाठी केलं, ते एखादं सरकार तिच्याकडून करवून घेणार नाही कशावरून? चीनमध्ये २०१७ पासून असा कायदाच आहे की देशातल्या संस्थांनी आणि नागरिकांनी गुप्तहेर यंत्रणांना सहकार्य करायचं. त्यामुळे भीती अगदीच हवेतली नाही.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते.

पहिली गोष्ट, बहुतेक देशांनी अ‍ॅपचं नाव घेऊन बंदी घातली. फ्रान्सनं तसं केलं नाही. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सरकारी फोनवरून सगळीच करमणुकीची अ‍ॅप्स हद्दपार केली. टिकटॉकबरोबर इन्स्टाग्राम, ट्विटर, नेटफ्लिक्स आणि चक्क कँडी क्रशसुद्धा! तेव्हा लोक हसले, पण मला तोच नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कारण माहिती बाहेर जायला अ‍ॅप शत्रूच्या देशातलंच असावं लागत नाही. स्ट्राव्हाची गोष्ट आठवतेय का? धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणारं हे अमेरिकन अ‍ॅप. त्यांनी लोक कुठे कुठे धावतात याचा जगाचा एक सुंदर चमकता नकाशा काढला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथे गावच नाही, तिथेही काही रेघा चमकताहेत. त्या होत्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या! कुणी फितुरी केली नव्हती, कुणी हॅकिंग केलं नव्हतं. सैनिक नुसते धावले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंटॅगॉननं मोहिमेवरच्या सैनिकांना ठिकाण दाखवणाऱ्या सोयी वापरायला मनाई केली. अ‍ॅप कुठलं का असेना, ठिकाण दाखवायचं नाही. याला म्हणतात रोगावर औषध.

दुसरी गोष्ट, एका माणसाच्या खिशात दोन फोन असतात. ब्रिटननं १६ मार्च २०२३ ला सरकारी फोनवर टिकटॉक बंद केलं, पण वैयक्तिक फोनला हात लावला नाही. लगेच त्यांचे एक मंत्री ग्रँट शॅप्स यांनी सिनेमातली एक क्लिप टाकून 'मी काही टिकटॉक सोडत नाही' असं जाहीर केलं. त्यांचं म्हणणं, मी ते सरकारी फोनवर कधी वापरलंच नव्हतं. नियमानं बरोबरच आहे. पण बैठकीला जाताना दुसरा फोन घरी ठेवून जातात का हो हे लोक? २०२४ मध्ये 'ल मोंद' या फ्रेंच वृत्तपत्रानं तर बायडेन, मॅक्रॉन आणि पुतिन यांच्या अंगरक्षकांचा माग याच स्ट्राव्हावरून काढून दाखवला. सुट्टीच्या वेळात धावायला जाणारे अंगरक्षक, पण त्यांच्यामुळे साहेब कुठल्या हॉटेलात उतरणार ते कळत होतं. सरकारी फोनवर कितीही कुलपं लावा, ही खिडकी उघडीच.

युरोपियन कमिशननं निदान एवढं केलं की ज्या वैयक्तिक फोनवर कार्यालयाची कामं चालतात, म्हणजे जे त्यांच्या यंत्रणेत नोंदलेले आहेत, त्यांनाही बंदी लागू केली. दोन्हीपैकी एक निवडा, ऑफिसचं ईमेल तरी ठेवा नाहीतर टिकटॉक तरी. मला हा हिशेब पटतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वरच्यांचं वागणं. नॉर्वेच्या न्यायमंत्रीणबाईंच्याच कामाच्या फोनवर टिकटॉक होतं, हे २०२३ मध्ये उघड झालं. अमेरिकेत ज्या बायडेन यांनी कायद्यावर सही केली, त्यांच्याच निवडणूक प्रचाराचं टिकटॉक खातं फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये, ट्रम्प यांच्या काळात, खुद्द व्हाइट हाउसचं खातं सुरू झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! खालच्या कारकुनानं मग तो नियम मनापासून का पाळावा?

आता स्वातंत्र्याचा मुद्दा. तो अगदीच निकालात काढता येत नाही. टेक्सासमध्ये राज्यपालांच्या आदेशानंतर सरकारी विद्यापीठांनीही टिकटॉक बंद केलं, तेव्हा त्या अ‍ॅपचाच अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांची पंचाईत झाली. त्यांची संघटना न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये हरली. मला वाटतं, अभ्यासकांना सवलत हवीच होती. केंद्राच्या कायद्यात सुरक्षा संशोधनासाठी ती आहेसुद्धा. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप्स स्वतःच्या फोनवरूनही काढायला सांगितली. एक लेफ्टनंट कर्नल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. परदेशातल्या आप्तांशी माझा संपर्क फेसबुकवरूनच राहतो, असं त्यांचं म्हणणं. घरापासून लांब, सीमेवर राहणाऱ्या माणसाचं हे दुःख खोटं नाही. पण आदल्याच वर्षी समाजमाध्यमांवरून जाळ्यात ओढल्या गेलेल्या सात नौसैनिकांना अटक झाली होती आणि नौदलाला जहाजांवर, तळांवर स्मार्टफोनच बंद करावे लागले होते. न्यायालयानं याचिका फेटाळली. निर्णय कठोर होता, पण गणवेश चढवताना माणूस असल्या काही गोष्टी सोडतोच, हेही खरं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे तर २९ जून २०२० ला, गलवाननंतर दोन आठवड्यांतच, ५९ चिनी अ‍ॅप्स सरसकट सगळ्या देशातच बंद झाली. टिकटॉकचा प्रश्नच मिटला!

मंडळी, इथेच तर गंमत आहे. त्या ५९ मध्ये कॅमस्कॅनर पण होतं. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात तेव्हा गेला असाल तर आठवून बघा, अर्धे कागद त्याच अ‍ॅपनं काढलेले असायचे. सातबारा, दाखले, आधार, सगळं. पुढे जून २०२२ मध्ये केंद्रानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचे नियम काढले, त्यात बाहेरच्या स्कॅनिंग अ‍ॅपनं सरकारी कागद काढू नका, गूगल ड्राइव्हवर ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं आहे. महाराष्ट्र शासनानंही २८ जुलै २०२५ च्या निर्णयात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, बंदी असलेली अ‍ॅप्स वापरू नका, परवानगीशिवाय गोपनीय कागद टाकू नका, असं सांगितलं. छानच. पण त्याच निर्णयात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरायला मोकळीक आहे.

आणि हे व्हॉट्सअ‍ॅप चालतं कुणाच्या फोनवर?

आमच्या वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. (वहिनी, गावाचं नाव घेतलेलं नाही, रागावू नका.) त्यांच्या फोनवर कामाचे अकरा ग्रुप आहेत. केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, शिष्यवृत्तीचा, निवडणुकीच्या कामाचा... 'अत्यंत तातडीचे, आज दुपारी ४ पर्यंत' असा मेसेज येतो आणि मुलांच्या आधार कार्डांचे, पासबुकांच्या पहिल्या पानांचे फोटो त्या ग्रुपवर जातात. फोन वहिनींचा, रिचार्ज वहिनींचा. संध्याकाळी त्याच फोनवर आमचे चिरंजीव पुतणे कसलासा फुकटचा गेम उतरवून खेळतात. 'सरकारी उपकरण' असं काही त्यांना मिळालेलंच नाही. मग सरकारी उपकरणावर बंदी घालून त्या आधार कार्डांचं काय भलं होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बरं, जिथे फोन दिले तिथली कथा निराळीच. २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी मिळालेले सरकारी फोन आंदोलन करून परत केले होते. दोन जीबी रॅमचे जुने फोन, सारखे बंद पडणारे, त्यावर पोषण ट्रॅकर चालेना. गावातल्या गरोदर बायकांची, कुपोषित मुलांची नावं आणि वजनं भरायची ती कशावर? अर्थातच स्वतःच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर.

म्हणून मला वाटतं, ज्याला नियम लावायचा आहे त्याला आधी चालणारं साधन द्या. सगळ्यांना फोन देणं परवडत नसेल तर निदान एवढं ठरवा की नागरिकांचे कागद खाजगी ग्रुपवर मागवायचे नाहीत. सरकारच्या एनआयसीनं 'संदेस' नावाचं स्वतःचं संदेशांचं अ‍ॅप केव्हाच बनवलेलं आहे, ते वापरा, नाहीतर पोर्टलवर भरून घ्या आणि त्यासाठी चारच्या ऐवजी दोन दिवसांची मुदत द्या. आणि हे पाळायची सुरुवात ग्रुप काढणाऱ्या साहेबांपासून होऊ दे, मेसेज आला की धावणाऱ्या बाईंपासून नको. उद्या काही फुटलं तर नोटीस त्या बाईंनाच जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

राष्ट्राची सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्षेपणास्त्रं येतात. पाचवीतल्या पोरीचं आधार कार्ड येत नाही. तिनं कुठल्याही अ‍ॅपवर 'अलाउ' दाबलेलं नाही. तिच्या आईनं शाळेवर विश्वास ठेवून कागद दिला, बस.

असो. बरंच लांबलं. आपल्या गोतावळ्यात सरकारी नोकरीतले कमी नाहीत, आणि इथे नेमानं येणाऱ्या ब्लॉगर मंडळींतही दोघं-तिघं आहेत हे मला माहीत आहे. तुमच्याकडे काय चालतं ते खाली जरूर लिहा. फक्त ऑफिसच्या फोनवरून लिहू नका म्हणजे झालं!